कौशीचं माहेर

माझी मुलगी हल्ली मोबाइलवर भांडते. कुणाशी, तर आयुष्यात तोंड न पाहिलेल्या माणसांशी. आणि कशावरून, तर कुठल्याशा मालिकेतल्या एका दुय्यम बाईला लेखकानं नीट निरोप दिला नाही म्हणून. जेवणाचं ताट निवून जातं, पण बोटं थांबत नाहीत. परवा मी म्हटलं, "अगं, खोटी बाई ती. जेव आधी." तर मान वर न करता म्हणाली, "आई, हा रिप्रेझेंटेशनचा प्रश्न आहे. तुला नाही कळणार." मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. शब्द मोठा आहे, मान्य. माझी अख्खी पिढी तो शब्द न उच्चारता म्हातारी होत चालली. पण तिच्या आजीनं याच प्रश्नासाठी भाजे गावच्या बायका गोळा करून लोणावळ्यात बैठक मारली होती, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. चष्मा पुसून तेवढंच लिहायला बसले आहे.

आमचं घर भाज्यात, लेण्यांच्या बाजूला वळणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, बौद्धवाडीत. अण्णा कंपनीत होते आणि एका दिवाळीला त्यांनी रंगीत टीव्ही आणला. तो ठेवायला जागा नव्हती म्हणून धान्याची कोठी सरकवली गेली, आणि त्या दिवसापासून आमचं घर संध्याकाळी आमचं राहिलं नाही. साडेसात वाजले की वच्छीमावशी यायची, हातातलं निवडायचं टोपलं घेऊनच. मागोमाग शेजारची मंदा, नवी सून, सासूची नजर चुकवून. आणि वरच्या आळीतून शालनकाकू यायची. तिच्या घरी आमच्याहून मोठा टीव्ही होता, पण तिचे मुलगे त्यावर क्रिकेट लावून बसत. शालनकाकू पाटलांच्या भावकीतली. आमच्याकडे पाणी न पिण्याची तिच्या घरची जुनी रीत होती. ती दारालगत बसायची, उंबऱ्यापासून हातभर आत, म्हणजे बसले पण आणि नाही पण. पण मालिकेत ऐन वेळी जाहिरात लागली की माणसाला काहीतरी हातात लागतंच. एका अशाच जाहिरातीत आईनं पुढे केलेला चहाचा कप काकूनं घेतला, अर्धा प्याली, आणि मग कपाकडे पाहून म्हणाली, "साखर कमी टाकत जा गं." त्या मालिकेचे माझ्यावर उपकार बरेच आहेत, त्यातला हा पहिला.

मालिकेचं नाव सांगत नाही. सून, कुंकू आणि सौभाग्य यांतला एखादा शब्द घ्या, जवळपास पोचाल. इनामदारांचा मोठा वाडा, मधुरा नावाची सोशिक सून, तिला छळणारी सासू, आणि दर शुक्रवारी कुणीतरी जिन्यावरून पडायचं. मी तेव्हा लोणावळ्याला कॉलेजात जात होते आणि मधुरेची निस्सीम भक्त होते. तिच्यासारखी वेणी एका खांद्यावरून पुढे घ्यायची, तिच्यासारखं बोलता बोलता थांबून खाली बघायचं. अण्णा म्हणायचे, "मान दुखती का गं पोरी?"

पण आमच्या घरातल्या बायकांचा जीव मधुरेवर नव्हता. तो होता कौशीवर. कौशी म्हणजे इनामदारांकडची कामवाली. तिचं काम काय, तर ट्रे घेऊन येणं, "व्हय बाईसायेब" म्हणणं, आणि दाराआडून भांडण ऐकून तोंडाला पदर लावणं. पण ती "न्हाई" म्हणायची, "कुटं" म्हणायची, आणि ते टीव्हीतून ऐकलं की मंदा हरखून जायची. "आयला, ही तर आपल्यावानी बोलती!" वच्छीमावशीला मात्र ते पटायचं नाही. "कुटली आपल्यावानी? हिच्या तोंडात रुमाल कोंबलाय जनू." तरी कौशी पडद्यावर आली की मावशीची निवडणारी बोटं थांबायची.

आता मधली गंमत अशी की आमच्या भागात भारनियमन होतं. वीज नेमकी पावणेआठला जायची. म्हणजे अर्धा भाग टीव्हीवर आणि अर्धा अंधारात. दुसऱ्या दिवशी भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका तो उरलेला अर्धा भाग स्वतः पुरा करायच्या. एकीनं म्हणायचं, "मंग सासू जिन्यात आली," दुसरीनं म्हणायचं, "आन कौशीनं तिला बघितलं." बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोपं लागेतो भाग संपलेला असायचा. त्यात मधुरेला फारसं काम नसे. बायकांच्या या मालिकेत कौशीचा नवरा मुंबईला गोदीत होता आणि सणालाच यायचा. कौशीला एक मुलगी होती, आजोळी वाढलेली. कौशीला खेकडे आवडायचे आणि इनामदारांकडे ते शिजत नव्हते. आणि कौशीचं माहेर मावळातलं, यावर तर कुणाचं दुमत नव्हतं. खरा भाग काय होता ते आई शनिवारी कामावरून आली की सांगायची, कारण ती कामाला जायची त्या बंगल्यात दुपारी आठवड्याचे भाग परत बघायला मिळायचे. सगळ्या ऐकून घ्यायच्या आणि वच्छीमावशी निकाल द्यायची, "आपलाच बरा व्हता."

एकाच बाबतीत तंटा होता. कौशीची खोली मालिकेत कधी दाखवलीच नाही. ती ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून यायची आणि स्वयंपाकघरात जायची, बस. मग तिच्या खोलीत भिंतीवर काय असेल? शालनकाकूच्या मते एकवीरा आणि शेजारी खंडोबा. वच्छीमावशीच्या मते बुद्धाची मूर्ती आणि वर निळ्या कोटातला फोटो. यावरून भरल्या वाफ्यात दोघी अशा कडाडायच्या की बगळे उडायचे. "तुमच्यात कुटं कौशी नाव आसतं?" "मंग तुमच्यात तरी लेकी धुनीभांडी कुटं करत्यात?" शेवटी आई म्हणायची, "खोली दाखवत न्हाईत तवर दोघींची." आणि वाकायची पुढच्या रोपाला. आज माझी मुलगी ज्यासाठी रात्रंदिवस टंकत बसते ते हेच, फक्त हिच्या पायाला चिखल नाही.

आता आईच्या कामाविषयी. मळवलीकडच्या बंगल्यांच्या सोसायटीत पुण्याच्या एका बाईंचा बंगला होता. बाई शनिवार-रविवार यायच्या. एरवी बंगल्याच्या किल्ल्या आईकडे. त्या जुडग्याचा आईला केवढा तोरा! कमरेला खोचून ती चालायला लागली की मांजरसुद्धा बाजूला व्हायचं. बाई एकट्या होत्या, मनानं बऱ्या होत्या आणि मालिकेच्या आमच्याइतक्याच वेड्या होत्या. शनिवारी दुपारी त्या सोफ्यावर आणि आई खाली लसूण सोलत, अशा दोघी ती बघायच्या. बाई मधुरेच्या बाजूच्या, आई कौशीच्या. "अहो, तिला जेवली का म्हनून कुनी इचारतंय का बगा," असं आई म्हणायची आणि बाई हसायच्या. मी कधी मदतीला जायचे तेव्हा मला त्या दोघी मैत्रिणीच वाटायच्या.

मग कापणीच्या सुमारास मालिकेत मधुरेच्या सासूच्या पाटल्या चोरीला गेल्या. त्या आठवड्यात कॅमेरा सारखा कौशीच्या तोंडाशी जायला लागला, आणि मागे ते ढँण वाजायचं. कौशी ट्रे घेऊन आली, ढँण. कौशीनं पदर सावरला, ढँण. आमच्या घरात पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. "हे लोक तिच्यावर आळ घालत्यात," मंदा म्हणाली. ती आणि वच्छीमावशी त्याच सोसायटीत दुसऱ्या बंगल्यांवर कामाला होत्या, त्यामुळे हे लोक म्हणजे कोण ते विचारावं लागलं नाही.

शनिवारी आई आणि मी बंगल्यावर गेलो. मालिका लागली. ढँण वाजलं तेव्हा बाईंनी टीव्हीकडून नजर काढून आईकडे बघितलं. क्षणभरच. पण मी ते पाहिलं आणि आईनंही पाहिलं. तिच्या हातातली लसणाची पाकळी सालीसकट वाटीत पडली. संध्याकाळी निघताना बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "किल्ल्या या वेळी माझ्याकडेच राहू देत हं. तुलाच उगाच ताप." पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या गेटवर चौकीदार उभा राहिला. काम करणाऱ्या बायकांच्या पिशव्या बघायच्या, असं बंगलेवाल्यांचं ठरलं होतं. बाईंचं काहीही हरवलेलं नव्हतं. कुणाचंच हरवलेलं नव्हतं. पाटल्या गेल्या होत्या त्या टीव्हीतल्या.

आईनं त्या दिवशी पिशवी उघडून दाखवली. आत डबा होता आणि बाईंनीच दिलेली जुनी मासिकं. चौकीदार ओळखीतला, तोही खाली बघत होता. घरी भाकरी थापताना आई बोलली, तव्याकडे बघून. "नाव गेलं की हितं दुसरं घर मिळत न्हाई. आन कौशीचं नाव गेलं तर आमचं सगळ्यांचंच जानार." अण्णा म्हणाले, "अगं, ती सिरियल हाय." आई म्हणाली, "सिरियल हाय म्हनूनच. कौशी चोर निघाली तर बाई मला किल्ल्या देनार न्हाईत. जल्मात न्हाई." मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. पण तिनं जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं, आणि ते खरं असल्याचा मला राग येत होता.

वच्छीमावशीचा भाचा मंडपाच्या सामानाचा टेम्पो चालवायचा. त्यानं बातमी आणली की इनामदारांचा वाडा वगैरे काही नाही, लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूचा एक बंगला आहे आणि तिथे शूटिंग चालू आहे. आमच्याकडे एक चाल होती. दिल्या घरी लेकीवर आळ आला की माहेरची चार माणसं जायची, ओट्यावर बसायची, आणि आळ निस्तरेपर्यंत त्या घरचं पाणी घ्यायची नाहीत. पुढचं आईला कुणाला समजावावं लागलं नाही. शालनकाकू म्हणाली, "मी येते. माझ्याबिगर बैठकीला वजन न्हाई." वच्छीमावशी म्हणाली, "वजन तर हायच तुझं," आणि दोघी हसल्या. त्यांना ती खोटी बाई आहे हे माहीत नव्हतं असं समजू नका. मंदानं तेवढ्यात विचारलंच, "पर मावशे, कौशी खरी न्हाई ना?" त्यावर मावशी म्हणाली, "आळ तर खरा हाय?"

मला नेलं ते शिकलेली म्हणून. "तू बोल त्यांच्याशी," आई म्हणाली. मी गेले ते मधुरेची सही घ्यायला. वहीचं कोरं पान आणि पेन पिशवीत, वेणी एका खांद्यावरून पुढे. मळवलीहून लोणावळ्याला गाडीनं, तिथून चिक्कीची दुकानं ओलांडून पायी. बायकांनी लग्नाला जावं तशी लुगडी नेसली होती. शालनकाकूकडे ओटीचं सामान, वच्छीमावशीकडे हिरव्या बांगड्या, आईकडे फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि लसणाची चटणी. सुकटीचा वास आमच्या पुढे चालत होता.

बंगल्याच्या फाटकावर अडवलं तेव्हा सगळ्या शांतपणे पायरीवर बसल्या. आत निरोप गेला. एक पोऱ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. कुणी हात लावला नाही. चहा आला, तोही नको. तेव्हा आत एकदम धावपळ उडाली आणि निर्मितीचे व्यवस्थापक घाम पुसत बाहेर आले. त्यांनी हात जोडले. "ताई, आमच्यामुळे कुठल्याही समाजाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही आधीच दिलगिरी व्यक्त करतो. उपोषण नको. कुठल्या संघटनेच्या आपण?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतलं पेन चाचपत राहिले. मग तीच म्हणाली, "संगटना न्हाई. आमी कौशीचं माहेर."

"कोण कौशी?"

यावर शालनकाकू उठून उभी राहिली. "कोन कौशी? तुमच्या घरात सालभर राबती ती!"

"अच्छा, ती... कामवाली?"

"कामवाली तुमची," वच्छीमावशी म्हणाली. "आमची लेक."

गृहस्थ आत गेले आणि दिग्दर्शकाला घेऊन आले. दिग्दर्शक म्हणजे झोप न झालेला, दाढी वाढलेला एक तरुण. तो मात्र आमच्यासमोर पायरीवरच बसला, म्हणून आईनं त्याला बाबा म्हणायला सुरुवात केली. "बाबा, पाटल्या घेतल्या कुनी?"

"मावशी, ते अजून ठरलेलं नाही. मुंबईहून लेखकांचे कागद फॅक्सनं येतात, आम्हालाच आदल्या दिवशी कळतं."

"म्हंजे चोर ठरला न्हाई आन शिक्षा ठरली?"

तो हसला, आणि मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं खरं ते सांगून टाकलं. कौशीचं पात्र बंद करायचं होतं. तिला हाकलण्याचा प्रसंग आजच होता, तासाभरात. प्रेक्षक तिच्यात गुंतलेले नाहीत, असं वरून कळवण्यात आलं होतं. "हे कुनी इचारलं, आन कुनाला?" शालनकाकूनं विचारलं.

तेवढ्यात आतून एक मुलगी आली. जीनची पँट, कानात वायरी, हातात कॉफीचा मग. मंदा किंचाळली, "कौशी!" मुलगी दचकून मागे वळून बघायला लागली, कुणाला हाक मारली म्हणून. तिला भेटायला म्हणून आजवर कुणी आलंच नव्हतं. फाटकाबाहेर रोज गर्दी व्हायची ती मधुरेसाठी. वच्छीमावशीनं तिला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं!" मग तिच्या मनगटातली कातडी पट्टी वर सरकवून हिरव्या बांगड्या भरल्या. शालनकाकूनं पँटवरच ओटी भरली. पदर नव्हता म्हणून तिच्या सदऱ्याची टोकं धरून. आईनं भाकरीवर सुकट घालून हातात दिली. मुलगी पुण्याची, बोलणं पेठेतलं, सुकट बहुधा पहिल्यांदाच खात होती. ठसका लागला, नाक लाल झालं, तरी खात राहिली. मेकअपवाला लांबून ओरडत होता. "माझं बोलणं चुकतं का हो खूप?" तिनं भीत भीत विचारलं. "लय चुकतं," वच्छीमावशी म्हणाली, "पर तू बोल. आमी घेतो समजून."

"जाताना काय बोलनार हायस तू?" आईनं विचारलं.

"काहीच नाही. मला संवाद नाहीये. डोळ्यांत पाणी आणायचं आणि गाठोडं घेऊन दाराबाहेर जायचं."

आईनं भाकऱ्यांचं फडकं बांधून बाजूला ठेवलं. मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या जन्माआधी, लोणावळ्यातल्याच एका घरात तिच्यावर घड्याळाचा आळ आला होता. तिचं गाठोडं तपासायला मालकीण पुढे झाली तेव्हा आईनं ते दिवाणखान्याच्या मधोमध ठेवलं आणि ती म्हणाली होती, आधी तुमचं कपाट उघडा, मग माझं गाठोडं. "उघडलं?" मुलीनं विचारलं. "न्हाई. कुनी कपाट उघडलं न्हाई. मीच काम सोडलं," आई म्हणाली. "पर खाली बघून न्हाई आले."

दिग्दर्शक ऐकत होता. त्यानं घड्याळ बघितलं, हातातला कागद बघितला. "प्रसंग छोटा आहे, संगीतानं भरणार होतो. बोलून बघ तू. ठेवायचं की नाही ते मुंबईवाले ठरवतील." आम्हाला कॅमेऱ्याच्या मागे उभं राहू दिलं. याच वेळी मधुरा माझ्या शेजारून गेली, इतकी जवळून की तिच्या अत्तराचा वास आला. मी पेन बाहेर काढलं नाही. मला ते आठवलंच नाही. समोर कौशी लुगडं नेसून, गाठोडं छातीशी धरून उभी होती, आणि हिरव्या बांगड्या तिनं हातात तशाच ठेवल्या होत्या. ती चार पावलं दाराकडे गेली, वळली, गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि सासूच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आदी तुमचं कपाट उघडा. मंग माजं गाठोडं." तिच्या तोंडात रुमाल नव्हता. सासूचं काम करणाऱ्या जाणत्या बाई आपलं पुढचं वाक्य विसरल्या. कुणी 'कट' म्हणेना. मग शालनकाकूच म्हणाली, "आता द्या रं पानी."

पुढचे दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. तो भाग लागला त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती; अण्णासुद्धा दाराशी उभे. वीज जाऊ नये म्हणून वच्छीमावशी टीव्हीकडे न बघता बल्बकडे बघत होती. आणि त्या दिवशी वीज खरोखरच गेली नाही. कौशी चार पावलं चालली. वळली. गाठोडं खाली ठेवलं. तिचे ओठ हलायला लागले, आणि वरून सनई वाजली, रडवी, लांबलचक. शब्द काढून टाकले होते. फक्त ओठ.

मला मोठ्यानं रडावंसं वाटलं, त्या सनईवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण माझ्या मागून मंदाचा आवाज आला, "आदी तुमचं कपाट उघडा," आणि तोवर वच्छीमावशी, शालनकाकू, आई, सगळ्यांनी ते उचललं होतं, अगदी तिच्या ओठांबरोबर, "मंग माजं गाठोडं." खोली दणाणली. सनई कुणालाच ऐकू आली नाही. मुंबईत कात्री लावणाऱ्यानं काय कापलं असेल ते असो, भाज्यात तो भाग पुरा झाला. अंधारातले इतके भाग पुरे केले होते या बायकांनी, त्यांना एक वाक्य ते काय जड!

पण बाईंच्या बंगल्यात तो भाग पुरा झालेला नव्हता. शनिवारी आम्ही गेलो. गेटवर आईनं पिशवी दाखवली. दुपारी तोच भाग परत लागला, सनईसकट. बाई पुढे झुकून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "अगं मावशी, ही काय म्हणाली शेवटी? मेल्यांनी नेमकं तिथे संगीत घातलंय. मला तेव्हापासून चैन नाही."

आईनं लसणाची वाटी बाजूला ठेवली. "आदी तुमचं कपाट उघडा म्हनली. मंग माजं गाठोडं."

बाई हसायला गेल्या आणि हसल्या नाहीत. खोलीत टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. त्या आईकडे बघत होत्या, आणि या वेळी ते क्षणभर नव्हतं. मग प्रेक्षकच त्या, राहवलं नाही. "मग? पुढे काय झालं?"

"फुडचं कुनी लिवलेलं न्हाई," आई म्हणाली. "ते तुमच्याकडं हाय."

बाईंनी टीव्ही बंद केला. मग उठल्या, कोपऱ्यातला फोन उचलला आणि गेटवरच्या चौकीचा नंबर फिरवला. "ऐका, त्या पिशव्या बघायचं बंद करा. मी बोलते बाकीच्यांशी. कामाच्या बायकांच्या कुणाच्याच नको."

"कामाच्या बायका म्हनू नका, बाई," आई खालून म्हणाली. "नावं घिऊन सांगा."

बाईंचा हात फोनवर तसाच राहिला. त्या आईहून थोरल्या होत्या आणि इतकी वर्षं तिला मावशी म्हणत आल्या होत्या. त्यांच्या तोंडावर आधी गोंधळ आला आणि मग लाज, आणि ती त्यांनी लपवली नाही. आईनं त्यांना अडचणीत ठेवलं नाही. ती उठून उभी राहिली आणि एकेक नाव सांगू लागली, आणि बाई ते फोनमध्ये म्हणू लागल्या: वत्सला साबळे. मंदा गायकवाड. मग आई क्षणभर थांबली, पदर नीट केला आणि म्हणाली, "सुमन नामदेव ओव्हाळ."

बाईंनी ते म्हटलं. पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं.